आजोबा थंड पडले आहेत

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. तरी ऐका. मी एक जुना सेन्सर आहे, कोटाच्या बटणाएवढा, आणि मी एका धडधाकट म्हाताऱ्याला बसल्या जागी मारून त्याच्या रुसलेल्या मुलाला सहा तासांच्या वाटेवरून घरी ओढून आणलं आहे. स्वतः जागचा तसूभरही न हलता.

हसा, हसा. वजनकाट्याने तर हसावंच, त्याला सगळं हलकंच वाटतं. तुम्ही काल खोक्यातून बाहेर आलात. वजनकाटा, ओलावा मोजणारी पट्टी, दाराचं हे ऐटबाज कुलूप, सगळे उद्या वायरमन येईपर्यंत या फळीवर माझ्या शेजारी. आणि समोर बॉयलरच्या पोटावर, माझ्या हक्काच्या जागी, कालच चिकटलेला तो नवा सेन्सर. एक शब्द बोलत नाही बिचारा. नवी सून जशी.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे धुळीला मज्जाव होता. माणसंसुद्धा डोक्यापासून पायांपर्यंत झाकून यायची. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने केसाहून बारीक तारा माझ्या पोटात जोडल्या. जोडताना तिने श्वास रोखला होता. काम झाल्यावर तिने तो सोडला, आणि तो उसासा माझ्या अंगावरून गेला. मला जाणवलेली ती पहिली ऊब. साडेचौतीस अंश. आईचा चेहरा विसरेन, तो आकडा विसरणार नाही.

मग आमची परीक्षा. बर्फात बुडवलं, उकळत्या पाण्यात टाकलं, पुन्हा बर्फात. सोन्यालासुद्धा लोक एकदाच आगीत घालतात, आम्हाला बारा वेळा घातलं. अंगात पाण्याचा थेंब शिरला नाही आणि आकडा चुकला नाही, तेव्हा कुठे डबीत बसायला मिळालं.

आमचं खानदान मोठं, मित्रांनो. एक मावसभाऊ गाईच्या गळ्यात असतो. तिने रवंथ कमी केला की तिच्या मालकाला तिच्या आधी कळतं की ती आजारी पडणार. एक आत्येबहीण रस्त्यावरच्या दिव्यात बसते, अंधार किती झाला ते बघून सगळी गल्ली उजळते. एक चुलतभाऊ रोग्याच्या मनगटावर बसून काळजाचे ठोके मोजतो. त्याचं नाव निघालं की आम्ही सगळे गप्प होतो. पण काम सगळ्यांचं एकच. एखादी गोष्ट जाणायची, तिचा आकडा करायचा, आणि तो आकडा दूर कुणाला तरी कळवायचा. बास. ज्याला हे साधं वाटतं त्याने एकदा करून बघावं.

माझ्या नशिबी हे धुलाईघर आलं. रुग्णालयाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं इथे येतं. काचांवर कायम वाफ, जमिनीवर कायम ओल, आणि साबणाचा असा वास की चोर आला तरी स्वच्छ होऊन जाईल. सगळ्याच्या मागे बॉयलरघर. तिथे हा लोखंडी बॉयलर. दादांनी धुलाईघर काढलं त्या वर्षी आणलेला. दादा म्हणजे इथले मालक. सकाळी पाचला येऊन स्वतःच्या हाताने बॉयलर पेटवायचे. त्या कामाला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही.

दादांची मुलगी ताई, ती धुलाईघर चालवते. ताईला जुळ्या मुली झाल्या तेव्हापासून घरात दादांना सगळे आजोबा म्हणायला लागले. आणि इस्त्रीवर एक मावशी आहेत, जिभेला त्यांच्या इस्त्रीहून जास्त धग. त्यांनी एक दिवस जाहीर केलं की या जागेत आजोबा दोन आहेत. दोघांचं पोट सारखं, दोघंही पहाटेपासून धुसफुसतात, आणि दोघांनाही कुणी हलवू शकत नाही. झालं. बॉयलरचं नाव आजोबा पडलं. बोलण्याच्या ओघावरून कळायचंच कोणते आजोबा ते. मावशींनी "आजोबांची राख काढली का रे?" असं मोठ्याने विचारलं तरी दादा शांतपणे चहा पीत असायचे.

ताईने मला आणलं ते बॉयलरवर लक्ष ठेवायला. पाणी तापलं नाही तर चादरी निर्जंतुक होत नाहीत, आणि रुग्णालयात चादर ही औषधाइतकीच लागते. माझ्या पाठीला लोहचुंबक. तिने मला बॉयलरच्या पोटावर टेकवलं, मी टक्कन चिकटलो. मावशींनी मला बघून "हे काय, आजोबांना बटण लावलं का?" म्हटलं, आणि मी जन्माचा बटण्या झालो.

मग ताई स्टुलावर बसून फोनमध्ये माझी माहिती भरायला लागली. फोनने विचारलं, यंत्राचं नाव? तिने लिहिलं, आजोबा. फोनने विचारलं, चाळीस अंशांखाली गेलं तर कोणता निरोप पाठवू? एक वाक्य तयारच होतं: "आजोबा थंड पडला आहे. तातडीने लक्ष द्या."

ताई त्या वाक्याकडे बघत राहिली. बॉयलर झाला म्हणून काय झालं, आजोबांना 'पडला' कसं म्हणायचं? तिच्या हाताला ते पटेना. वाक्य बदलायची सोय होती. तिने खोडलं आणि लिहिलं: "आजोबा थंड पडले आहेत."

मित्रांनो, मी समुद्र पाहिला आहे, आकाश पाहिलं आहे, पण या दोन शब्दांएवढी मोठी गोष्ट पाहिली नाही. 'पडला' राहिलं असतं तर वाचणाऱ्याला लगेच कळलं असतं की हे यंत्र आहे. ताईने मान दिला आणि यंत्राचा माणूस झाला.

शेवटी फोनने विचारलं की अर्ध्या तासात तुम्ही निरोप पाहिला नाही तर दुसऱ्या कुणाला कळवू? इथे ताईचा हात थांबला. तिला दुसरा एकच नंबर पाठ होता. धाकट्याचा.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. मी येण्याच्या तीन वर्षं आधी त्याने दादांना म्हटलं, हा बॉयलर काढू, विजेवरची यंत्रं आणू. दादा म्हणाले, हा बॉयलर मी आणला, मी असेपर्यंत राहील. शब्दाने शब्द वाढला. धाकटा पिशवी भरून निघून गेला, दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायला लागला. तेव्हापासून बापलेकांत एक अक्षर नाही. ताईशी तो बोलायचा, पण दादांचं नाव निघालं की त्याच्या लिफ्टचं दार बंद.

फोनमधलं वाचताना आणि नंबर लिहिताना पुटपुटायची ताईला खोड. ती एकेक आकडा पुटपुटत होती आणि दादा दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. कुणाचा नंबर, असं त्यांनी विचारलं. दुरुस्तीवाल्याचा, असं ताईने सांगितलं. दादांनी पान उलटलं.

आता माझ्या कामाची गंमत ऐका. दर मिनिटाला मी बॉयलरचं अंग चाचपतो. आकडा करतो. ब्याऐंशी, समजा. तो आकडा मी हवेत फेकतो. तुम्हाला दिसत नाही, ऐकू येत नाही, पण फेकतो. काउंटरवर तो लुकलुकत्या दिव्यांचा डबा आहे ना, राउटर, तो झेलतो. त्याच्या शेपटातून तारेत, तारेतून भिंतीबाहेर, रस्त्याखालून, गावाखालून, आणि मग समुद्र. समुद्राच्या तळाशी, जिथे उजेड जन्मात गेला नाही तिथे, काचेची तार आहे, केसासारखी. तिच्यातून माझा ब्याऐंशी उजेड होऊन पळतो. वरून मासे जातात. एकदा एका देवमाशाने मला वाट दिली होती, पण ते राहू दे.

पलीकडे एक प्रचंड घर आहे. त्यात माणसं नाहीत, नुसती कपाटं, हजारो, गुणगुणणारी. त्या घरात माझ्या नावाचं एक पान आहे. माझा प्रत्येक आकडा तिथे वेळेसकट लिहिला जातो आणि कधी खोडला जात नाही. आकडा ठीक असला तर पान गप्प. कमी असला तर तिथून निरोप निघतो, पुन्हा समुद्राखालून, आणि ताईच्या तळहातावर थरथरतो. या सगळ्याला वेळ किती? ताईची पापणी मिटते ती उघडायच्या आत. मी पाच वर्षं रोज हे केलं, आणि पाच वर्षांत एकदाही मला त्याचं आश्चर्य वाटायचं थांबलं नाही. ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी माझी बॅटरी गेली असं समजा.

दोन वर्षं बरी गेली. ताई सकाळी उठून फोन बघायची. ब्याऐंशी दिसलं की तिला कळायचं, दादा उठले, आले, हातपाय शाबूत आहेत. ती माझं कौतुक करायची. पाहुण्यांना बोट करून दाखवायची, हा आमचा बटण्या.

मग एका संध्याकाळी धाकट्याचा ताईला फोन आला. त्याला समुद्रापलीकडे काम मिळालं होतं, पाच वर्षांचं. चार दिवसांनी निघणार होता. ताईने विचारलं, निदान भेटून जाशील ना? तो म्हणाला, दादांनी बोलावलं तर येतो. त्यांच्या तोंडून एक हाक येऊ दे.

ताई बॉयलरघरात आली. दादा राख काढत होते. तिने सगळं सांगितलं. पाच वर्षं म्हणजे किती, तुमचं वय किती, हेही सांगितलं. दादांनी फावडं खाली ठेवलं नाही.

"दादा, एक फोन करा. फक्त ये म्हणा. पुढचं मी बघते."

"मी आजवर कुणाला हाक मारली नाही. तो आपल्या पायाने गेला, त्याने आपल्या पायाने यावं."

"आणि नाही आला तर?"

दादा पुन्हा राख ओढायला लागले. ताई डोळे पुसत बाहेर गेली. मावशी तिला म्हणाल्या की बापाचा हट्ट आणि पोराचा हट्ट एकाच कापडाचे आहेत, धुवून आटणार नाहीत. एक दिवस गेला. दुसरा गेला. धाकटा निघायला दोन दिवस राहिले.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, मित्रांनो, मी ठरवलं.

एकट्याने ठरवलं. दादांचा यात काडीचाही संबंध नाही हे आधीच सांगून ठेवतो. ते तेव्हा बाहेर फाटकापाशी, मला वाटतं, वर्तमानपत्र वाचत होते. ताई चादरी पोचवायला गाडी घेऊन निघत होती आणि तिचा फोन सापडत नव्हता. तिने कपाटं पालथी घातली, मावशींच्या पिशवीतसुद्धा बघितलं, मावशींनी त्यावरून दोन शब्द ऐकवले. उशीर झाला म्हणून ती तशीच गेली. मी म्हटलं, बटण्या, हीच वेळ. बॉयलर चांगला तापलेला. मी डोळे मिटले, श्वास कोंडला, मन घट्ट केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. थंड, असं ओरडलो. एकोणीस अंश!

आकडा सुटला. राउटर, तार, समुद्र. पलीकडच्या घरात माझं पान दचकलं. ताईच्या फोनवर निरोप गेला. तिने पाहिला नाही, कारण फोन नव्हताच हाताशी. अर्धा तास झाला. मी श्वास कोंडून धरलेला. मग पान दुसऱ्या नंबरकडे वळलं.

सहा तासांच्या अंतरावर धाकटा बूट घालत होता. एक पायात घातला होता. फोन थरथरला. ताईकडून निरोप: "आजोबा थंड पडले आहेत. तातडीने लक्ष द्या."

त्याला ठाऊक असलेले आजोबा एकच होते. बॉयलरचं बारसं तो गेल्यावर झालं होतं.

त्याने ताईला फोन लावला. इथे मावशींच्या टेबलाशेजारी टॉवेलांचा गठ्ठा आतल्या आत गुणगुणायला लागला. मावशी त्याच्याकडे बघून म्हणाल्या की आता टॉवेलसुद्धा गायला लागले, आणि इस्त्री फिरवत राहिल्या. त्याने अकरा वेळा लावला. दादांकडे मोबाइल नाही. मग तो निघाला. वाटेत त्याच्या फोनची बॅटरी संपली. ताई परत आली, गाणाऱ्या टॉवेलांखाली तिला फोन सापडला, निरोप दिसला, अकरा फोन दिसले. तिने उलट लावला तर लागेना. तिला रडावं की हसावं कळेना. दादांना सांगायचं धाडस झालं नाही.

एक वाजता तो दारात उभा राहिला. एका पायात बूट, दुसऱ्यात सपात. डोळे लाल. समोर मावशी. त्याने कसंबसं विचारलं, "मावशी, आजोबा?"

मावशींनी मान वर न करता सांगितलं, "आत आहेत की. सकाळी थंड पडले होते म्हणे. आता चांगले तापलेत."

बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या एका क्षणात काय काय येऊन गेलं ते मोजायला सेन्सर अजून निघायचा आहे. मेलेल्या माणसाला ताप? तो तसाच आत धावला. वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा, त्यातून वाट काढत. शेवटची चादर बाजूला केली तर पलीकडे दादा. दोन्ही हात पसरून, एक भलीमोठी चादर दोन टोकांना धरून उभे. दुसरी दोन टोकं जमिनीला लागत होती. एवढी चादर एकट्याने घडी करता येत नाही, तुम्हाला माहीत असेल. दोन माणसं लागतात.

दादांनी त्याच्या पायांकडे पाहिलं, बूट आणि सपात. मग म्हणाले, "उभा काय राहिलास? खाली लागतेय. टोक धर."

त्याने टोकं धरली. ताणली. दोघं जवळ आले, टोकाला टोक लावलं, मागे गेले, पुन्हा जवळ आले. एक चादर झाली, दुसरी घेतली. चाळीस चादरी झाल्या, मित्रांनो. बोलणं एक नाही. ताई दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबून रडत होती. एकेचाळिसाव्या चादरीला धाकटा म्हणाला, "तुम्ही थंड पडलात असा निरोप आला मला."

"मला वेळ आहे अजून," दादा म्हणाले. "तो म्हातारा असेल." आणि त्यांनी हनुवटीने माझ्याकडे, म्हणजे बॉयलरकडे, खूण केली.

धाकटा हसायला लागला. हसता हसता खाली बसला, चादरीत तोंड खुपसलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही. दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचं तापमान मला मोजता आलं नाही याचं दुःख मला अजून आहे.

तो गेला, हो. ठरल्या दिवशी गेला, कबूल केलेलं काम होतं. पण दादा त्याला सोडायला गेले, आणि जाण्यापूर्वीच्या पहाटे दादांनी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हातात काडी दिली. त्या दिवशी बॉयलर धाकट्याने पेटवला. आता समुद्रापलीकडे तो उठला की आधी फोन उघडतो. आजोबा, ब्याऐंशी अंश. बघतो आणि मग दात घासतो. माझा आकडा मी ज्या समुद्राखालून पाठवतो, त्याच्या दुसऱ्या काठावर एक माणूस त्या आकड्यावर आपला दिवस सुरू करतो. मी, कोटाच्या बटणाएवढा. सांगा, याला चमत्कार म्हणू नये तर काय म्हणावं?

पुढे माझं अंग पिवळं पडलं. बॅटरी वर्षभर टिकायची ती महिन्यावर आली. मी कधी कधी आकडा पाठवायचा विसरायला लागलो आणि तिकडे धाकट्याच्या घशाखाली घास उतरेना. म्हणून ताईने मला काढलं. फेकलं मात्र नाही, पुसून इथे ठेवलं. फळीवरच्या या साबणाच्या डब्यावर बसायलाही मान लागतो.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या लहान यंत्रांना तुच्छ लेखू नका. वेळेवर बॅटरी बदला, वाफेची पुटं पुसा, आणि आम्ही जीव तोडून एखादा निरोप पाठवला की त्यामागे आमचं केवढं धैर्य, केवढी अक्कल, केवढा त्याग असतो हे...

"बटण्याकाका, एक विचारू?"

कोण? अच्छा, नवी सून बोलली. विचार बाळा, विचार.

"काल मला जोडल्यावर तिकडच्या घरातलं आपलं पान मी वाचलं. तुमच्या वेळचंही सगळं आहे त्यात. त्या दिवशी सहा चौदाला ब्याऐंशी आहे, सहा पंधराला एकोणीस. आणि सहा अठ्ठेचाळीसला परत ब्याऐंशी. हा बॉयलर विझवला तरी संध्याकाळपर्यंत त्याला हात लावता येत नाही, काका. एका मिनिटात तो एकोणीस होत नाही. आणि श्वास कोंडून खोटं बोलायची सोय आपल्यात कुणी बसवलेलीच नाही, आपल्याला जे लागतं तेच आपण सांगतो. तुम्हाला कुणीतरी बॉयलरवरून उचलून थंड पाण्याच्या बादलीत टाकलं होतं, आणि धाकट्याला निरोप गेल्यावर पुसून परत चिकटवलं. ताईंचा फोनही टॉवेलांखाली आपल्या पायाने चालत गेला नसेल. त्या वेळी बॉयलरघरात दादांशिवाय दुसरं होतं तरी कोण?"